काळी वायर कुठे लावली होती?

नोंद. रविवार, सकाळी ९ वाजून १० मिनिटं. ठिकाण : बाथरूम, नळ. गीझर : चालू. मीटर : स्वतःचं, कॅलिब्रेशन मार्चअखेर वैध. लाल वायर नळाला, काळी वायर सॉकेटच्या अर्थिंगला. वाचन : ००.० व्होल्ट. शेरा : दोष नाही. सही.

सहीची शाई वाळली नव्हती तोवर बयाबाई दारातून म्हणाल्या, "दोष नाय? मग मला चावतं ते काय, खेकडं?"

"अगं, शून्य आहे. शून्य पूर्णांक शून्य."

"मीटरला शून्य असंल. मला नाय."

"मीटर खोटं बोलत नाही."

"मग मी बोलते?"

यावर खंडेरावांनी वही मिटली. छत्तीस वर्षं ओझरच्या विमान कारखान्यात काढलेला माणूस, त्यातली एकोणीस मापन विभागात. तिथे ज्या उपकरणावर चालू तारखेचं स्टिकर नाही ते उपकरणच नव्हे. काल मुदत संपलेलं मीटर आज टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवायच्या लायकीचं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ते दर मार्चमध्ये घरचं मीटर रुमालात गुंडाळून अंबडच्या प्रयोगशाळेत नेत, नवं स्टिकर लावून आणत. लग्नाच्या वाढदिवसाची त्यांना बयाबाई आठवण करून देत. मीटरची तारीख कुणी सांगावी लागत नसे.

अशा माणसाच्या वहीत शून्य आलं की विषय संपायला हवा होता. तो संपला नाही, त्याला कारण होतं.

त्यांची एकुलती मुलगी हर्षाली दवाखान्यात होती. शुक्रवारी सिझर झालं, मुलगा झाला, आणि येत्या गुरुवारी डॉक्टर घरी सोडणार होते. घर म्हणजे माहेर, आडगाव नाक्याजवळचं हे रो-हाउस. पाळण्याला रंग देऊन झाला होता, दोन्ही वेळा तेल लावून न्हाऊ घालायला येणारी बाईसुद्धा ठरली होती. आणि आता बयाबाईंनी, आवाज न चढवता, सांगून टाकलं :

"त्या नळाखाली मी नातवाला न्यायची नाय. बुधवारपर्यंत काय ते करा. नायतर दोघांना घेऊन लंकाकडं सायखेड्याला जाते. सव्वा महिना तिकडंच."

लंकाबाई म्हणजे बयाबाईंची धाकटी बहीण. तिच्या घरात आधीच नऊ माणसं. पण बयाबाई बोलल्या म्हणजे जाणार, हे खंडेरावांना कुठल्याही मीटरशिवाय कळत होतं.

*

वहीत नसलेलं.

गीझर चालू असला तरच चावतं, बंद असला की नाही. हात कोरडा असला तर नाही. पाटावर बसून कपडे धुताना कमी, उठून ओल्या फरशीवर उभं राहिलं की जास्त. मुंग्या मनगटापर्यंत येतात, एकदा कोपरापर्यंत आल्या. वॉशिंग मशिनच्या पत्र्यालाही एकदा हात लागला तर तसंच झालं, पण तेव्हा वाटलं हात आखडला असेल. बयाबाईंनी शेजारच्या मनोजकडून टेस्टर मागून आणला आणि नळाला लावला, तर आतला दिवा मंद पेटला. त्यांनी तो खंडेरावांना दाखवला. खंडेराव म्हणाले, टेस्टर म्हणजे मोजमाप नव्हे, खेळणं आहे. कारखान्याच्या गेटमधून आत येऊ देत नसत.

हे सगळं बयाबाईंनी तीन आठवड्यांत, भाजी निवडता निवडता, वेगवेगळ्या दिवशी सांगितलं होतं. वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

*

खंडेरावांनी असा विचार केला. हिचा एका मीटरवर विश्वास नाही. दुसरं आणू, तेही शून्य दाखवेल. दोन शून्यांपुढे काय बोलेल? शिवाय गाडीची बॅटरी दर तीन दिवसांनी उतरते आहे, काहीतरी गुपचूप करंट खातंय. जुन्या मीटरला तेवढा करंट मोजायची सोय नाही. घर आणि गाडी दोन्हीला चालेल असं एक मीटर घेतलं तर खर्च वाया जात नाही. बायकोला खोटं पाडायला मीटर घेतोय असंही दिसत नाही.

सोमवारी ते भद्रकालीच्या बाजारात गेले.

'सलाउद्दीन मीटर्स, विक्री व दुरुस्ती'. सलाउद्दीन यांनी आयुष्यभर द्वारका चौकात ट्रकांची वायरिंग केली. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून घरी असतात. काउंटरवर त्यांची मुलगी नाझिया. वय चाळिशीतलं, चष्मा कपाळावर, समोर एक मीटर पोट उघडून पडलेलं.

"बोला काका."

"मल्टिमीटर पाहिजे. घर आणि गाडी, दोन्हीला चालेल असं. अचूकता अर्धा टक्का किंवा त्याहून चांगली. कॅलिब्रेशन सर्टिफिकेटसहित."

"बसा. चहा?"

"नको. अचूकता..."

"अचूकता नंतर बघू. मोजायचं काय?"

"सांगितलं ना, घर."

"घर म्हणजे काय काका, भिंत मोजणार?"

खंडेराव स्टुलावर बसले. असं त्यांच्याशी कारखान्यात कुणी बोललं नसतं. तिने एकेक मीटर काचेवर मांडायला सुरुवात केली.

पिवळं. "हे सगळे नेतात. स्वस्त आहे. गाडीच्या बारा व्होल्टला चालून जातं, घरच्या लाइनला मी देत नाही." तिने मागचं झाकण स्क्रू काढून उघडलं. "बघा, या छोट्या काचेच्या फ्यूजवर सगळा भरवसा. आणि दहा अँपिअरच्या भोकाला तर फ्यूजच नाही. लाल वायर चुकून तिथं राहिली आणि घरच्या सॉकेटात पिना घातल्या, तर धाडकन. आमच्याकडं दुरुस्तीला येतात ना, निम्मी तशीच जळलेली. घेऊन येणाऱ्या माणसाच्या बोटालाही पट्टी असते."

चिमट्याचं. वायरभोवती चिमटा लावला की वायर न तोडता करंट कळतो. खंडेरावांना हे आवडलं. गाडीचा चोर सापडायला दोन मिनिटं.

"नाही सापडणार. हा चिमटा फक्त एसी ओळखतो. गाडीत डीसी. बॅटरीच्या वायरला लावाल, शून्य दाखवेल, आणि तुम्ही म्हणाल गाडी ठणठणीत आहे."

"म्हणजे मीटर खराब?"

"मीटर चांगलं आहे, काका. तुम्ही त्याला जे विचारताय ते त्याला दिसतच नाही. डीसी ओळखणारा चिमटाही येतो, पण महाग पडतो. आणि इतका बारीक करंट त्यालासुद्धा नीट धरता येत नाही."

तिसरं काळं, जड, आकड्यांची मोठी खिडकी. दशांशानंतर चार आकडे. खंडेरावांनी ते हातात घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. "हे द्या. सर्टिफिकेट?"

"नव्या पेटीत कंपनीचा कागद असतो. तुम्हाला स्टिकर पाहिजे तर अंबडला पाठवावं लागेल. शुक्रवारी मिळेल."

"शुक्रवारी चालणार नाही. गुरुवारच्या आधी पाहिजे."

"मग आज असंच न्या, मागून स्टिकर लावा."

"स्टिकर नसलेल्या मीटरवर मी वाचन घेत नाही."

नाझियाने चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि त्यांच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "गुरुवारी असं आहे काय?"

मग त्यांनी सांगितलं. मुलगी, नातू, नळ, सायखेडा. रविवारचं वाचनही सांगितलं, अगदी मिनिटासकट. ऐकताना तिने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"लाल वायर नळाला. आणि काळी कुठं लावली होती?"

"सॉकेटच्या अर्थिंगला. नियमाप्रमाणे."

"ते अर्थिंग जमिनीत जातं, हे कशावरून?"

*

कारखान्यात त्यांच्या टेबलाच्या कडेने तांब्याची एक पट्टी जात असे. कोपऱ्यात तिला हिरवी-पिवळी वायर, वायर भिंतीत. त्या पट्टीला काळी वायर लावायची आणि मोजायचं. एकोणीस वर्षांत ती वायर भिंतीतून पुढे कुठे जाते हे त्यांनी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. ते दुसऱ्या विभागाचं काम होतं, आणि तो विभाग ते चोख करत होता. खंडेरावांचं काम लाल वायरीच्या टोकाचं. काळी वायर जिथे लावू तिथे शून्य, हे त्यांच्या हाडात इतकं मुरलेलं की घर बांधून झाल्यावर सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात त्यांनी तीच पट्टी पाहिली.

*

"समजा घरचं अर्थिंग बाहेर कुठंतरी तुटलंय," नाझिया सांगत होती. तिने काउंटरवरच्या कागदावर पेन्सिलीने गीझर काढला होता, तो कुकरसारखा दिसत होता. "गीझरची कॉइल आतून गळतेय. तो करंट जमिनीत जायला पाहिजे, पण रस्ता बंद. मग तो घरातल्या सगळ्या अर्थिंगच्या वायरींमध्ये साचणार. गीझरचा पत्रा, पाइप, नळ, सॉकेटचं भोक, सगळ्यांवर सारखाच. तुम्ही नळ आणि सॉकेट यांच्यातला फरक मोजला. दोघंही नव्वद-नव्वदवर असले तर फरक किती?"

"शून्य."

"आणि काकूंचा एक हात नळावर, पाय ओल्या फरशीवर. त्यांना पूर्ण नव्वद."

खंडेराव म्हणाले, "मग मला का लागत नाही? मीही त्याच नळाखाली आंघोळ करतो."

"बाथरूममध्ये चप्पल घालता?"

घालत होते. रबरी, जाड तळव्याची. अनवाणी पाय ओल्या जागी ठेवायचा नाही, हा धडा त्यांनी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात घेतला तो आजपर्यंत मोडला नव्हता. स्वतःपुरता.

नाझियाने चौथं मीटर काढलं. मधलं, ना स्वस्त ना भारी. घरच्या लाइनवर वापरायला योग्य असा शिक्का, दोन्ही करंटच्या भोकांना जाडजूड फ्यूज, दहा अँपिअर डीसी. आणि एक वेगळं बटण. "लांब वायरींमध्ये कधी कधी नुसतेच व्होल्ट दिसतात, त्यात दम नसतो. मग तुम्ही म्हणाल की तेच असेल. हे बटण दाबलं की मीटर स्वतः थोडा करंट ओढून बघतं. फुकाचे व्होल्ट असतील तर आकडा कोसळतो. खरे असतील तर टिकतो. बाहेर मातीत एक लोखंडी सळई ठोका, बादलीभर पाणी ओता, काळी वायर लांबवून तिला लावा. आणि काका, आत्ताच फोन करा घरी. गीझर बंद ठेवायला सांगा."

त्यांनी तिथूनच फोन लावला.

"गीझर बंद कर. मेनचं बटणच खाली ओढ."

"का? शून्य हाय ना?" बयाबाई म्हणाल्या.

नवं मीटर त्यांनी बिनस्टिकरचं घेतलं.

*

सोमवार, दुपारी ४ वाजून ४० मिनिटं.

पेरूच्या झाडाखाली हातभर सळई ठोकली. वीस मीटर वायरचं एक टोक सळईला, दुसरं काळ्या पिनेला. बयाबाई वायर निसटू नये म्हणून झाडाशी उभ्या राहिल्या, खंडेराव आत. पाच मिनिटांपुरता गीझर चालू केला.

"काय दिसतं?" झाडाखालून आवाज आला.

"थांब."

"थांबलेच हाय. तीन आठवडे थांबले."

ब्याण्णव. त्यांनी बटण दाबलं. आकडा हलला, खाली आला, आणि सत्त्याऐंशीवर थांबला. त्यांनी बटण सोडून पुन्हा दाबलं. सत्त्याऐंशी. मग एक गोष्ट केली जी त्यांना टाळता आली असती : जुनं, स्टिकरवालं मीटर आणलं आणि त्याची काळी वायर त्याच सळईच्या वायरला जोडली. त्यानेही ब्याण्णव दाखवले. म्हणजे मीटर रविवारीही ठीकच होतं. मार्चअखेरपर्यंत वैध होतं. घरासाठी नवीन घ्यायचं काहीच कारण नव्हतं.

गीझर बंद केला. दोन्ही मीटरांवर आकडे खाली गेले.

"अहो, किती?"

"नव्वद," ते बाथरूममधूनच ओरडले. शेजारच्या मनोजने खिडकीतून डोकं काढलं.

"नव्वद म्हणजे लय का थोडं?"

"लय," खंडेराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी वाचन या एककात सांगितलं.

बयाबाईंनी वायर गुंडाळायला घेतली, कोपर आणि अंगठ्याभोवती, दोरी गुंडाळतात तशी. खंडेराव ती घ्यायला गेले तर त्यांनी दिली नाही. वायर पूर्ण गुंडाळून होईपर्यंत दोघंही तिथेच उभे. शेवटी त्या म्हणाल्या, "पोराला आधीच आणलं असतं तर?"



*

मंगळवारी ललित आला, त्यांच्या गल्लीतली कामं करणारा इलेक्ट्रिशियन. अर्थिंगचा खड्डा शोधताना तो अंगणात तीनदा फिरला. "काका, खड्डा कुठाय?"

खड्डा पेव्हर ब्लॉकखाली होता. दिवाळीआधी गाडी सरळ उभी राहावी म्हणून खंडेरावांनी अंगणात ब्लॉक बसवून घेतले होते, आणि मध्ये येणारं ते सिमेंटचं झाकण काढून टाक म्हणून गवंड्याला सांगणारे तेच होते. गवंड्याने झाकणाबरोबर खाली दिसणारी पट्टीही कापली. त्याला ते भंगार वाटलं. ललितने चार ब्लॉक उचलले, माती उकरली, पट्टीचं चकचकीत कापलेलं टोक दिसलं.

"कोणी कापलं हे?" ललित म्हणाला.

"मी," खंडेराव म्हणाले.

नवीन खड्डा, नवीन इलेक्ट्रोड. गीझरची कॉइल काढली तर तिच्या पत्र्याला नखभर चीर होती, नवी बसवली. बोर्डात एक नवं यंत्र लागलं, करंट कुठे गळला की डोळ्याचं पातं लवायच्या आत घरची वीज पाडणारं. ते वीस वर्षांपूर्वीच लागायला हवं होतं, असं ललित म्हणाला. खंडेरावांनी मान डोलावली. ललितला याचंच जास्त नवल वाटलं, कारण आजवर या घरात त्याचं एकही वाक्य प्रश्नाशिवाय सुटलं नव्हतं.

बुधवारी सकाळी गाडी. नव्या मीटरची लाल वायर दहा अँपिअरच्या भोकात, मीटर बॅटरीच्या वाटेत, दारं बंद, चावी काढलेली. ०.४१ अँपिअर. एकेक फ्यूज काढत गेले. मागच्या कॅमेऱ्याचा काढल्यावर आकडा ०.०३ झाला. कॅमेरा गेल्या वर्षी बसवून घेतलेला. चोर सापडला. त्यांनी लाल वायर परत व्होल्टच्या भोकात घातली, मीटर डब्यात ठेवलं, दोन पावलं गेले, परत आले, डबा उघडून वायर बघितली.

*

बुधवार, संध्याकाळी ५ वाजून ५ मिनिटं. गीझर चालू. काळी वायर पेरूखालच्या सळईला, लाल नळाला. या वेळी मीटर बयाबाईंच्या हातात होतं. मला द्या म्हणाल्या.

"किती पाहिजे?"

"शून्य. एखाद-दुसरा व्होल्ट चालतो."

"शून्यच हाय." त्यांनी मीटर डोळ्यांपासून लांब धरून पुन्हा वाचलं. "रविवारी किती होतं?"

खंडेरावांनी घसा साफ केला. "शून्य."

"मग?"

त्यांनी समजवायला सुरुवात केली. रविवारी काळी वायर तिकडे होती, आज इकडे आहे, आजचं शून्य जमिनीच्या तुलनेत, शिवाय बोर्डातलं नवं यंत्र, त्याचं चाचणीचं बटण दोनदा दाबून पाहिलं, दोन्ही वेळा घर बंद पडलं. बयाबाई ऐकत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी मीटर त्यांच्या हातात दिलं, पदर खोचला आणि बाथरूमकडे निघाल्या.

"थांब, आधी मी लावतो हात."

"तुम्हाला काय कळणार? तुम्हाला तेव्हातरी कळत होतं का?"

"निदान पाटावर तरी..."

"बाई बाळाला घेऊन पाटावर बसंल, मी पाणी द्यायला फरशीवर उभी असंल. जसं व्हायचं तसंच बघायचं."

खंडेराव धावत बोर्डाशी गेले आणि मेनच्या बटणावर बोट ठेवून उभे राहिले. नव्या यंत्रापेक्षा त्यांचं बोट लवकर चालणार नव्हतं, हे त्यांना आकड्यांनिशी ठाऊक होतं. तरी त्यांनी बोट काढलं नाही. आतून नळ सुटल्याचा आवाज आला. बादली भरू लागली. रिकाम्या बादलीचा आवाज, मग अर्ध्या बादलीचा. नळ बंद झाला. पुन्हा सुटला. फरशीवर तांब्याने पाणी ओतल्याचा आवाज झाला, एकदा, दोनदा. पत्र्यावर हात थोपटल्यासारखं काहीतरी वाजलं, बहुतेक गीझरवर.

"बया?"

पुन्हा फक्त पाणी ओतल्याचा आवाज.

"अगं, बोलत राहा ना!"

"मोजतेय," त्या आतून म्हणाल्या.

बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या. कोपरापर्यंत हात ओले, पाय ओले, चालल्या तिथे फरशीवर पावलं उमटली. टॉवेल न घेताच त्यांनी फ्रिजवरचा फोन उचलला, पडदा ओल्या बोटाला दाद देईना म्हणून पदराला बोट पुसलं.

"हर्षे? हां, मीच. उद्या इकडंच यायचं. लंकामावशीला मी कळवते, तिनं खोली झाडून ठेवली आसंल, तिला काय वाटू नये. डॉक्टरांनी टाक्यांचं काय सांगितलं ते कागदावर लिहून घे, तोंडी नको. आणि बाळाचा तो हिरवा टॉवेल तिथं राहू देऊ नको, आपल्या घरचा हाय... हां. झालं बाथरूमचं. बघितलं मी." त्या थांबल्या, पलीकडचं ऐकलं, मग मान वळवून बोर्डाकडे पाहिलं. "बाबा? उभेत इथंच, बटण धरून. थांब, सोडायला सांगते."